मागं कोण हाय?

संभाजीनगरहून सकाळी निघालेली एसटी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा कानात ‘पंचरंग’ तिसऱ्यांदा सुरू होता. ‘नीरज आर्याज कबीर कॅफे’चा हा अल्बम मला इतका पाठ आहे, की मेंडोलिन कुठे शिरतं आणि गायक कुठे श्वास घेतो, तेही सांगू शकतो. पाच वर्षं हा बँड फक्त फोनमध्ये होता. आज पुण्यात पहिल्यांदा समोर दिसणार होता.

बँड मुंबईचा, २०१३पासूनचा. नीरजला कबीराचं वेड लावलं ते माळव्याच्या प्रल्हादसिंह टिपानियांच्या गाण्यानं. त्या लोकगायकीत या पोरांनी रेगे, रॉक आणि कर्नाटकी व्हायोलिन मिसळलं.

कबीर तसा मला नवा नव्हता. आमचं मूळ गाव पैठण. आबा गारखेड्यात राहायला आले, ते भजनाची सवय सोबत घेऊनच. दर एकादशीला घरी भजन. एकनाथांच्या अभंगांमागून कबीराचे दोहेही यायचे. आबा हाक मारायचे, “इकडं बस, टाळ धर.” दहावीनंतर मी बसलोच नाही. मित्रांनी बघितलं तर? पुढे इअरफोन आले. बाहेरच्या खोलीत आबा कबीर म्हणत असताना मी आतल्या खोलीत कानात कबीरच ऐकत बसायचो. तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच गाण्याला मी खट्टू झालो. चाल संथ, मेंडोलिन भलत्याच जागी, एकच ओळ चार-चारदा. मग गायकानं गिटार थांबवली आणि ती ओळ आमच्याकडे सोडली. पुढच्या रांगेतल्या मुलींनी उचलली, मग मागच्यांनी. आमच्याकडून परत गेली की व्हायोलिन तिला वेगळंच वळण द्यायचं. कुणी चुकलं तरी काही अडत नव्हतं.

हे तर मी घरी पाहिलेलं. आबा ओळ टाकायचे, टाळकरी उचलायचे. जितके गळे, तशी ती ओळ व्हायची. फोनमधल्या गाण्याला उचलणारा कुणी लागत नाही.

थोड्या वेळानं लक्षात आलं, सगळे टाळ्या वाजवतायत आणि माझ्या मात्र मुठी वळल्यात. बोटांत दोरी धरल्यासारख्या त्या एकमेकींवर आपटत होत्या.

रात्रीच्या बसनं पहाटे घरी पोचलो. आबा जागेच होते. गळा साथ देत नाही म्हणून आता ते गात नाहीत; एकादशीला कोपऱ्यात बसून नुसतं ऐकतात. त्यांना व्हिडिओ दाखवला. डोळे मिटून पूर्ण ऐकला.

“म्हणतंय बरं पोरगं. मागं कोण हाय?”

“मागं आम्हीच की, आबा.”

“मंग इथं का नाय?”

मला उत्तर सुचलं नाही.

परवा एकादशी आहे. माळ्यावरून टाळ काढले, तर दोरी कुजलेली. आज शहागंजात जाऊन नवी आणतो.