सहल वळिवड्याला येतेय

राहाता, 24 नोव्हेंबर

ती. ताईस,


नववीची सहल पुढच्या महिन्यात तुमच्या कोल्हापूरला येतेय. अंबाबाई, पन्हाळा, रंकाळा ठरलेलेच. त्यात मी वळिवडे घुसवलंय. "तिथं बघण्यासारखं काय आहे?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं, आणि त्यांचं चूक नाही. एक लहानसं स्टेशन, शेजारी गांधीनगरची कापडाची दुकानं. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं होतं. ते गेले आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी तिथं राहायला आले.

गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणूनच धास्ती वाटते. असली भाषणं आपल्याच कौतुकावर येऊन थांबतात: आपण आसरा दिला, अतिथी देवो भव, टाळ्या. कोल्हापुरानं माया लावली हे खरंच. पण ही माणसं इथवर आली का? 1939 च्या सप्टेंबरात हिटलर आणि स्टालिननं पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात धाडली गेली. 1940 मध्ये कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मिळून बावीसेक हजार पोलिश कैदी गोळ्या घालून मारले. जे इराणमार्गे जिवंत निसटले, त्यांतले काही वळिवड्याला पोचले. स्टालिनच्या या कृत्यांना वंशसंहार म्हणावं का, यावर इतिहासकार भांडतात. हिटलरनं ज्यूंचं जे केलं त्याबाबत मात्र वाद नाही. पोलंडमधल्या तीसेक लाख ज्यूंपैकी दहांत एकसुद्धा धड उरला नाही.

आणि हेही सांगणार आहे, कौतुकाला जरा आळा म्हणून: युद्ध सुरू होताच इंग्रजांनी 'जर्मन' म्हणून धरून आपल्या नगरच्या छावणीत कोंडलेल्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते.

स्मरण म्हणून दोन मिनिटं स्तब्धता मला नको. पोरं कोपरानं ढोसतात, एकाला हसू येतं, मग मी डोळे वटारते. त्यात मेलेल्यांची आठवण कुठली? त्याऐवजी 'डाकघर' बसवतेय, टागोरांचं. ज्यूंना कोंडलेल्या वॉर्साच्या घेट्टोमध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरचा अनाथाश्रम होता. तिथल्या मुलांनी 18 जुलै 1942 ला हेच नाटक केलं. अब्राशा नावाचा मुलगा अमल, म्हणजे नाटकातला मरणपंथाला लागलेला मुलगा, झाला होता. त्याच पावसाळ्यात इकडे जामनगरजवळ बालाचडीला तिथले राजे जामसाहेब यांच्या छावणीत पोलिश अनाथ मुलं येऊन पोचत होती. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आणि त्याची दोनशेच्या आसपास मुलं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवली गेली. त्याला स्वतःला वाचवायची तयारी मित्रांनी दाखवली होती. तो मुलांना सोडून गेला नाही.

मुलांनी मरणाला शांतपणे सामोरं जायला शिकावं म्हणून त्यानं हे नाटक निवडलं, असं म्हणतात. आमच्या पोरांना मी तो धडा देणार नाही. त्यांना मी नाटकातला दहीवाला दिलाय. दहीवाला झालेला पोरगा शिर्डीतल्या हार-प्रसादवाल्यांच्या चालीत आरोळी ठोकतो, अमलला ती शिकवतो, आणि तालीम तिथंच कोसळते. कोसळू दे. घेट्टोतल्या तालमीतही कुणीतरी हसलंच असेल ना गं?

त्रेब्लिंकाला आज 17,000 दगड उभे आहेत. पुष्कळ कोरे, काहींवर गावांची नावं. माणसाचं नाव असलेला दगड एकच: कोर्चाकचा, आणि त्याच्या नावापुढे 'आणि मुलं'. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, दोनशे नावं लिहायला जागा किती लागते?" मी हजेरीपुस्तक उघडून दाखवलं. चार-पाच पानं.

आता तुझ्याकडे काम. वळिवड्याच्या छावणीत दूध-भाजी घालणाऱ्या घरातलं कुणी म्हातारं माणूस तिकडे असेल तर शोध. त्यांना आधीच बजाव, भाषण नको; पोरं विचारतील तेवढंच सांगा. पोलिश पोरांशी कुठल्या भाषेत बोलायचात, भांडणं व्हायची का, असले प्रश्न येतील. गांधीनगरला मुली खरेदीला अडकणार, तासभर धरूनच चाल. शिवाय दोन एसटी उभ्या राहतील अशी जागा भाऊजींना बघून ठेवायला सांग.

यंदा पेरू चांगला आलाय. एक क्रेट तुझ्यासाठी बसमध्ये टाकते.

तुझी,
धाकटी