पाचवं कारण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही काम घडायला पाच कारणं सांगितलीत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं टीकाकार सांगतात. मी सरळ जमीन म्हणतो. तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटलंय की, म्हणजे शेत! पुढं करणारा, अवजारं, मेहनत, अन् पाचवा पाऊस. पाचवा आहे, एकटा नाही.

सोयाबीन फुलोऱ्यात अन् पावसाचा अठरा दिवसांचा खंड. जो तो म्हणतोय, "आता देवावर सोडलं." मग विहिरीत दोन तासांचं पाणी आहे ते कोणावर सोडायचं?

त्याच अध्यायात पुढं म्हटलंय की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. मला वाटतं, सोडायचा तो हा 'मी पिकवलं'तला मी. अवघड आहे. एकरी बारा क्विंटल झाले की तो छाती फुगवतो, तीन झाले की तोच रात्री झोपू देत नाही. आपल्या भागात तो जीवावर उठतो, हे मी वेगळं सांगायला नको.

'मला शरण ये' हे सहासष्टाव्या श्लोकात. त्याच्या आधी, त्रेसष्टाव्यात, कृष्ण म्हणतो: नीट विचार कर, मग तुला वाटेल ते कर. अन् शरण गेलेला अर्जुन रथातून उतरून घरी गेला नाही.

रात्री बाराला लाईट आहे. तुषारचे पाईप टाकून ठेवलेत. तुमच्याकडे खंड किती दिवसांचा, कळवा.