हुंकार

एका टंकलिखित मुलाखतीत पाच पानं एकच बाई बोलत होती. मध्ये कुणाचा शब्द नाही, प्रश्न नाही. लग्न, दोन दुष्काळ, थोरल्या दिराचं जाणं, सगळं एका दमात. पोलीस पाटलासमोर जबानी द्यावी तसं कोरडं. मग तिची ध्वनिफीत मागून घेतली आणि ऐकली, तर तीच बाई हसत होती, अडखळत होती, मागचं काही आठवून पुन्हा मागे जात होती. आणि दर दोन वाक्यांनी दुसरा एक आवाज येत होता. ‘हं.’ ‘अगं बाई.’ ‘मग हो?’ कागदावर उतरवणाऱ्यानं तो आवाज बिनकामाचा समजून गाळला होता.

आमच्या घरी गोष्ट हुंकारावरच चालायची. दिवा मालवला की आजी सुरुवात करी आणि आम्हा भावंडांपैकी कुणीतरी दर वाक्याला ‘हुं’ म्हणायचं, हे ठरलेलं. हुंकार थांबला की गोष्ट थांबे. राजपुत्र विहिरीच्या काठावर असो की राक्षसाच्या दारात, तो तिथंच रात्रभर उभा राही. म्हणून कुठलीही मुलाखत वाचताना मी आधी ऐकणाऱ्याला शोधते. त्याला काढून टाकलं की सांगणाराही अर्धाच उरतो. बोलणं ‘सुधारून’ घेण्याचाही मला तितकाच राग आहे. ‘व्हतं’ पुसून ‘होतं’ लिहिलं की माणूस कुठल्या नदीच्या काठी वाढला तेच पुसलं जातं.

ज्यांना हुंकार द्यायला घरात कुणी नव्हतं, त्यांनी जात्याला ऐकवलं. पहाटे घर जागं व्हायच्या आत खुंट्याला हात घालून, दोघी असल्या तर समोरासमोर, नाहीतर एकटीनं. सासुरवास, भावाची वाट, विठ्ठल, लेकीचं लग्न, पुढे भीमरायसुद्धा. हेमा राईरकर, गी पोइतवाँ आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी हे धन गावोगाव बसून टिपलं : १,०००हून अधिक गावं, ३,०००हून अधिक गाणाऱ्या आणि १ लाखाच्या वर ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांच्यामुळे त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संग्रहात त्या ऐकता येतात, आणि मी त्या ऐकते, एका बैठकीत फार नाही, दोन-तीनच. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती परसात उलथी पडली, तरी ओव्या गळ्यात होत्याच. त्या बाहेर यायला कुणीतरी समोर येऊन बसायला हवं होतं.

आमच्या कोल्हापूरच्या बाजूला घराण्याचा इतिहास बैलावरून यायचा. सुगी उरकली की हेळवी येई. लांबूनच घंटेचा आवाज, मग वळणावर बैल. पाठीवर वाकळा, भांडी, आणि सगळ्याच्या वर फडक्यात गुंडाळलेल्या वह्या. ज्या घरांशी त्याच्या बापजाद्यांचा संबंध, त्याच घरांपुढे तो थांबणार. जोत्यावर घोंगडं अंथरलं जाई. बांधावरून वर्षभर न बोलणारे चुलतेसुद्धा त्या दिवशी येऊन त्या घोंगड्याच्या कडेला टेकत, कारण वही सगळ्यांची एकच होती. चहा होई, तंबाखूची देवघेव होई, आणि मग तो मूळपुरुषापासून सुरू करी. कुठल्या गावाहून निघाले, कुलदैवत कुठलं, वाटेत कुठला भाऊ मागे राहिला, कुणी कुणाला दत्तक घेतलं, कुणाचा वंश बुडाला. वाचणं आणि म्हणणं यांच्या मधली काहीतरी चाल होती ती. वही समोर असायची, पण डोळे तिच्यावर क्वचितच. आपल्या आजोबांचं नाव आलं की पोरं एकमेकांना कोपर मारत. नाव एवढ्या लोकांत मोठ्यानं उच्चारलं जातं, याचंच आम्हाला केवढं अप्रूप. शेवटी वर्षभरात जन्मलेली पोरं वहीत चढत, आणि हेळव्याला जोंधळा, धोतर, एखादं पितळी भांडं मिळे. चांगलं पीक आलेल्या एका वर्षी वडिलांनी कालवड दिली होती.

त्या वर्षी आत्या माहेरी आली होती. ती दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून सगळं ऐकत होती. नवी नावं लिहून झाली, वही मिटायला आली, तेव्हा ती म्हणाली, “माझं वाचा की.”

हेळवी वयानं मोठा, बोलायला फार मऊ. म्हणाला, “अक्का, तुमचं तुमच्या सासरच्या वहीत.”

“तितंबी पोरांचीच हाईत. म्या इचारलंया.”

चुलते हसले. हेळवी हसला नाही. त्यानं वही मिटली, फडक्यात बांधली, आणि बैलाकडे जायचं सोडून परत मांडी घातली. “सांगा अक्का,” म्हणाला. आणि आत्यानं सांगितलं. चुलते एकेक करून उठून गेले. ती बोलत राहिली. कुठल्या साली विहीर खणली, तिच्या पाटीत किती माती निघाली, दोन पोरं कशी गेली, तिसरं कसं जगलं, सासऱ्यानं मरताना किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या. तो ‘हं अक्का’, ‘हां अक्का’ करत राहिला. लिहिलं काहीच नाही. त्याच्या वहीला तशी रीतच नव्हती. पण उन्हं कलेपर्यंत त्याचा बैल आमच्या दारात वैरण खात उभा होता, हे मी पाहिलं आहे.

आत्याचा तो हट्ट मला पुढे एका पुस्तकात पुन्हा भेटला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९ सालचं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांकडे त्या दोघी गेल्या आणि विचारलं. चळवळीच्या इतिहासांत या बाया बहुतेक गर्दीतच होत्या. महाडला होत्या, नाशिकला होत्या, २० जुलै १९४२ला नागपुरात त्यांची स्वतःची परिषद भरली होती. तरी नाव आणि आवाज घेऊन पुढे आल्या त्या या पुस्तकात. पुस्तकात आधी चळवळीचा इतिहास आहे आणि मग मुलाखती. मी दर वेळी मुलाखतींपासून सुरू करते. विचारणाऱ्या त्यांच्यातल्याच होत्या, म्हणून कुठलीच गोष्ट पहिल्यापासून फोड करून सांगावी लागली नाही, असं वाचताना सारखं जाणवतं.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांना असंच बोलतं केलं. त्यांचं पुस्तक २००४मध्ये आलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. शेवटच नसलेल्या गोष्टीचं काय विचारणार? मी तरी खाणावळीपासून सुरू करीन. डाळ कशी होती, गाळ्यात पथारी कुणाशेजारी, रातपाळीचा माणूस उठला की त्या जागेवर कोण झोपायचं. संप त्यातून आपोआप येतो.

तारखांच्या मागे लागणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तसं लिहिलं. खरं कॅलेंडर वेगळंच असतं. पानशेत फुटलं त्याच्या आधी. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला जात होतो तेव्हा. भूकंपाच्या साली.

पाटणच्या बाजूला ‘भूकंपाचं साल’ म्हटलं की कुणी सन विचारत नाही. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. तिथल्या एका घरी एक आजोबा मला सांगत होते : थोरल्या पोराला काखेत मारून कसे बाहेर पळाले, मागे भिंत कशी बसली. सांगून झाल्यावर त्यांना रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज ऐकायचा होता. ऐकवला. मान वाकडी करून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “ह्ये चुकलंय. थोरला तवा कुटं हुता?” मग आत हाक मारली, “अगं, थोरला भूकंपाच्या आदीचा का मागला?”

आजी बाहेर आल्या. हात पदराला पुसत खांबाला टेकल्या. “पोटात हुता,” त्या म्हणाल्या. “म्या जात्यावर बसलेली. आदी वाटलं, घास मोटा पडला म्हनून जातंच हलतंया. वहिनीला म्हनले, दमानं वड. ती म्हनली, म्या हात सोडलाय कवाचा. मग वरनं माती पिठात पडाय लागली.”

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. “मग म्या काखंत काय घेतलं हुतं?”

“करडू,” आजी म्हणाल्या. “शेळीचं.”

त्यापुढचं त्या सांगेनात. म्हणाल्या, समोर बसलेली वहिनी अजून आहे, चार घरं सोडून, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. आम्ही तिघंही तिकडे निघालो. वहिनींनी आधी मी कुणाची, कुठली, माहेर कुठलं, हे नीट विचारून घेतलं. मग पोतं अंथरलं, रेकॉर्डर आपल्या पुढ्यात ओढून घेतला आणि म्हणाल्या, “भूकंपाचं सांगते की. पर आदी माझ्या म्हशीचं आयकावं लागंल. त्याबिगर भूकंप कळायचा न्हाय.”