जुन्या नकाशावरचे कोळवण खोरे

भारतीय सर्वेक्षण खात्याचा इंचाला मैल मापाचा जुना नकाशा कुणाकडे असला, तर जरूर मागून पाहा. त्यात पौडपलीकडे कोळवण शोधा. वरच्या अंगाला तिकोना किल्ला, खोऱ्यातून वाहणारी वाळकी नदी पुढे मुळेला मिळते. तपकिरी रेघा दाटीने आल्या की चढ उभा समजावा. विरळ झाल्या की तिथे भाताची खाचरे असायचीच. ओढा काळ्या रेघेने काढला असेल तर तो उन्हाळ्यात आटतो, निळा असेल तर पाणी टिकते. विहिरीची जागा धुंडाळणाऱ्याला एवढे कळले तरी पुष्कळ!

आता बोट दक्षिणेला मुळेवर न्या. पाहणी धरणाआधीची असेल, तर तिथे गावे, वाटा, देवळे दिसतील. ती वाचवण्यासाठी १९२१ साली सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासह मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. टाटांचे धरण झालेच. नव्या नकाशात तिथे नुसता निळा रंग आहे. आपल्या आजोळचे नाव कुणाला सापडायचे, तर ते जुन्यातच.

मात्र बांधाच्या तंट्यात हा कागद पुढे करू नका. त्यात गट नंबर नसतात. त्यासाठी भूमी अभिलेख कचेरीतला गावनकाशा काढा आणि रीतसर मोजणी मागा.