दुसरा पट्टा

पोळ्याला आठ दिवस उरले असताना मामा घुंगरांचा एक पट्टा घेऊन दुकानात आले. जोडीतला दुसरा उंदरांनी कुरतडला होता. "असाच करून द्या भाऊ. जोडी दिसली पाहिजे."

पट्टा कापून शिवायला एक दुपार पुरते. पण जुन्या पट्ट्याचा रंग बैलाच्या घामानं, तेलाच्या हातानं आणि परभणीच्या उन्हानं मिळून केलेला. तो बाटलीत मिळत नाही.

बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं कातडं मी वापरतो. कोल्हापुरी चपलेचंही तेच. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत, आमचा नाही. असो, साल तीच. या कातड्याला स्वतःचाच गुलाबट तपकिरी रंग असतो, आपला त्यावर चढतो. म्हणून वाटीतला रंग बघून काही कळत नाही. त्याच कातड्याच्या तुकड्यावर लावून बघायचा, आणि तुकडाही पाठीचा हवा. पोटाकडचं सैल कातडं रंग ढोसतं.

पिवळसर तपकिरी वीस थेंब, लाल तीन. फारच उजळ. काळ्याचा एकच थेंब टाकला तर वाटीत शेवाळ! पिवळ्यात काळा पडला की हिरवट झाक येते. लालचे आणखी दोन थेंब घातल्यावर ती मोडली. तुकडा वाळवला, तेल लावलं, ट्यूबलाइटखाली अगदी जुळला. दारात उन्हात नेला तर तांबडा दिसला. पुन्हा वाटी.

चौथ्या तुकड्याला जमलं, आणि त्याच संध्याकाळी रंगवलेला ओला पट्टा रापीच्या पात्यावर राहिला. निळा-काळा डाग. सालीतल्या तुरटपणाला लोखंड लागलं की असंच होतं. गंज आणि गूळ पाण्यात आंबवून काळा रंग करतात तो याच गुणावर. लिंबू चोळल्यावर डाग फिकटला. उरलासुरला बकलाखाली दडवला.

या धावपळीत कोरडं फडकं घासून जादा रंग काढायचा तेवढा राहिला. पोळ्याच्या दिवशी सरीवर सरी. पाण्यातला रंग तो, पांढऱ्या बैलाच्या मानेवरून खाली ओघळला.

दुसऱ्या दिवशी मामा आले. मी आधीच पैसे परत द्यायला गल्ल्याकडे वळलो.

"राहू द्या," मामा म्हणाले, "लोकांना वाटलं गेरू लावलाय. आता दुसऱ्या बैलाच्या मानेलाही तसाच लावायचाय म्हणतो पोरगा. वाटीत उरलाय का?"