मोहरकी आणि बंध

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. अडत्याच्या पेढीवर यांचा विचार क्वचितच करावा लागतो. परंतु धाकट्या बंधूंनी अकलूजच्या घोडेबाजारातून दीड वर्षाचे शिंगरू शेतावर आणले, आणि पहिलाच अतिचार आमच्यापुढे उभा राहिला. मोकळ्या रानात वाढलेल्या त्या जिवाला माणसाचा हात ठाऊक नव्हता. अगाडी-पिछाडी आवळून, चंदी तोडून, चाबूक दाखवून दोन दिवसांत वठणीवर आणतो, असे सांगणारे भेटले. दोन दिवसांत तीन अतिचार! मात्र मोहरकी न मानणारे जनावर आजारपणात डॉक्टरांनाही जवळ येऊ देत नाही. त्यामुळे मोकळे सोडून देणे हीही दया नव्हे.

सोलापुरात एके काळी टांगा हाकलेल्या एका वृद्ध मोतद्दाराने काम पत्करले. पहिले आठ दिवस त्यांनी मोहरकी बाहेर काढलीच नाही. घोड्याला अगदी नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही, म्हणून ते खांद्याच्या बाजूने तिरके जात. शिंगराने कान टवकारले की थांबत, त्याने मान खाली घातली की स्वतःच मागे सरत. पुढे आयाळ संपते तेथे खाजवू लागले. घोडे एकमेकांना तेथेच दातांनी खाजवतात. मग मानेवर नुसती दोरी, मग मोहरकी, तीही दोन मिनिटांपुरती. ती चढवून शिंगरू एकटे सोडायचे नाही, हा त्यांचा दंडक. कोठे अडकली तर भ्यालेले पोर मान दुखावून घेते.

चालवण्याची रीत त्याहून साधी. दोरीला किंचित ताण द्यायचा आणि एक पाऊल पुढे पडताच, त्याच क्षणी, ती सैल सोडायची. "शेट, ओढून ते येईल व्हय? माझ्या चौपट वजन हाय त्याचं," असे ते हसून म्हणत. रोज पाव तास, अधिक नाही. एकवीस दिवसांची मजुरी मी मनात मांडून पाहिली. महाग वाटली नाही.

बाविसाव्या दिवशी शिंगरू प्रथम खुंटाला बांधले. गाठ अशी की मोकळे टोक एकदा ओढताच सुटावी. मातोश्रींनी ती स्वतः ओढून पाहिली. श्रावकाचार सांगणाऱ्या जुन्या टीकांत सापेक्ष आणि निरपेक्ष असा बंधाचा भेद आहे. आग लागली तर तत्काळ सोडवता येईल अशी सैल गाठ ती सापेक्ष. शास्त्रकारांनी गोठा जवळून पाहिला असावा, असे मला वाटून गेले.

आता प्रश्न खोगिराचा आहे. घोड्याच्या पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. बंधूंना येत्या दिवाळीतच स्वार व्हायचे आहे. मी अद्याप होकार दिलेला नाही.