गेलेला आणि राहिलेली

परदेशी गेलेल्याच्या बालपणाच्या आठवणींना मराठी समीक्षेने बहुधा ‘स्मरणरंजन’ म्हणून बाजूला सारले आहे. या शब्दातील ‘रंजन’ हे उत्तरपदच निकाल देऊन मोकळे होते. वाकडच्या एका शेतकरी घरातून १९७० नंतर कॅनडात गेलेल्या गृहस्थाच्या आठवणी वरवर पाहता या निकालास पात्रच ठरतात. मुळेच्या पाण्यातले डुंबणे, हुरड्याचा धूर, चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला येणारे म्हातोबाचे बगाड. वडिलांच्या खांद्यावरून दिसलेले हे बगाड त्याच्या कथनात केवळ उंच आणि झळाळते असते. गळकऱ्याच्या पाठीत टोचलेले गळ त्यात येत नाहीत. आईही येते ती भाकरी घेऊन बांधावर आलेली. खुरपताना ती एकदाही दिसत नाही.

गावात राहिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने हे दूरध्वनीवर ऐकून घेतले आणि म्हटले, “तुला बांध आठवतोय. मला बांधावरनं वाहिलेलं हंडं आठवत्यात.” चौथीनंतर तिची शाळा सुटली, त्याची सुटली नाही. एकाच रानाच्या या दोन आठवणी आहेत. त्यांतली गोड तेवढी खोटी ठरवणे मात्र घाईचे होईल.

कारण दरम्यान वाकडच वाकडमधून निघून गेले आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा वाकड शेतीचे गाव होते. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले, शेजारच्या हिंजवडीत संगणक उद्योग आला आणि रानांवर इमारती चढल्या. बहीण आज ज्या सदनिकेत राहते ती त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. देशांतर न करताही तिचा देश गेला.

उरले आहेत ते शब्द, आणि ते त्याच्यापाशी अधिक आहेत. इर्जिक म्हटले की शेजाऱ्यांचे किती नांगर आले, संध्याकाळी जेवायला काय होते, हे तो क्रमाने सांगतो; सावडीत कोणाची पाळी कोणानंतर, हेही. वाकडमध्येच जन्मलेल्या भाच्याला हे दोन्ही शब्द समजावून द्यावे लागतात. (तो ते ऐकून घेतो, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.) तेव्हा दोष आठवण गोड असण्यात नाही, ती बहिणीच्या आठवणीशेजारी ठेवून न वाचण्यात आहे. इर्जिकीचे जेवण कोणी रांधले, हे त्याच्या शब्दकोशात नाही. ते तिला विचारावे लागते.

विहीर नेमकी कोठे होती, यावर दोघांचे अजून एकमत नाही. आता तेथे वाहनतळ आहे. तो म्हणतो, आंब्याच्या पूर्वेला, सावलीत. ती म्हणते, आंब्यापासून भरल्या हंड्यानिशी सत्तर पावले.